सर्व्हर कोसळला की आधी रीस्टार्ट की आधी पंचनामा? समजून घ्या 'क्रॅश डंप' म्हणजे काय

१६ जुलै २०२१. दुपारचा एक वाजला आणि महाराष्ट्रातल्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी एकाच वेळी मोबाइल हातात घेतले.

कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर राज्य मंडळानं निकाल लावला होता. १५ लाख ७५ हजारांहून जास्त विद्यार्थी आणि पास होण्याचं प्रमाण ९९.९५ टक्के. थोडक्यात, पास होणार हे जवळपास सगळ्यांनाच माहीत होतं, उत्सुकता होती ती फक्त मार्कांची. पण निकालाच्या वेबसाइट्स उघडेचनात. एकचे दोन वाजले, दोनाचे चार वाजले, तरी पान फिरतच राहिलं. तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चौकशीचे आदेश दिले.

औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, हे राज्य मंडळाच्या नऊ विभागीय मंडळांपैकी एका मंडळाचं मुख्यालय. जालना, बीड, परभणी आणि हिंगोलीचे विद्यार्थीही याच विभागात येतात. त्या दुपारी या पाच जिल्ह्यांतही तेच सुरू होतं, रिफ्रेश, रिफ्रेश आणि पुन्हा रिफ्रेश.

'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आता मराठी माणसाला पाठ झालंय. रेशन दुकानात, सेतू केंद्रात, सातबारा काढताना, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना ते कधी ना कधी कानावर पडतंच. पण सर्व्हर डाऊन झाला म्हणजे पडद्यामागे नेमकं काय झालं? आणि तो पुन्हा तसाच पडू नये म्हणून इंजिनिअर मंडळी काय करतात?

या प्रश्नाच्या उत्तरात एक फाइल फार महत्त्वाची असते. तिचं नाव क्रॅश डंप.

रीस्टार्ट केला की पुरावा गेला

रस्त्यावर अपघात झाला की पोलीस पंचनामा करतात. गाड्या कुठे होत्या, ब्रेकच्या खुणा कुठपर्यंत आहेत, काच कुठे पडली आहे, हे सगळं लिहून घेतात. पंचनाम्याआधीच गाड्या हलवल्या आणि रस्ता धुऊन टाकला, तर वाहतूक लगेच सुरू होईल, पण चूक कोणाची होती हे कधीच कळणार नाही.

सर्व्हरचंही तसंच आहे. वेबसाइट चालवणारा प्रोग्रॅम चालू असताना त्याचं सगळं कामकाज रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत असतं. कोणत्या विद्यार्थ्याची विनंती हातात आहे, डेटाबेसकडे काय मागितलंय, कोडच्या कोणत्या ओळीवर काम अडलंय, हे सगळं तिथेच. प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की ही मेमरी पुसली जाते. वेबसाइट सुरू होते, लोकांच्या शिव्या थांबतात, आणि बिघाडाचं कारण मात्र हातातून निसटतं. मग तोच बिघाड पुढच्या गर्दीच्या दिवशी पुन्हा समोर येतो.

क्रॅश डंप म्हणजे त्या मेमरीचा पंचनामा. प्रोग्रॅम मरायच्या क्षणी त्याच्या मेमरीत जे जे होतं, त्याची जशीच्या तशी प्रत डिस्कवर एका फाइलमध्ये उतरवली जाते. ही फाइल नंतर निवांत उघडून तपासता येते.

'कोअर' हे नाव आलं कुठून?

लिनक्सच्या दुनियेत याच फाइलला 'कोअर डंप' म्हणतात. जुन्या संगणकांची मेमरी फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्यांची असायची. त्या कड्यांना कोअर म्हणत. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनवलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यातही अशीच कोअर मेमरी होती. तिची क्षमता २,०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशोबात ही मेमरी जेमतेम १० केबी भरते. व्हॉट्सअॅपवरचा एक फोटोही त्यात मावणार नाही.

कड्या कधीच्या गेल्या, नाव मात्र टिकलं. आज एका वेब सर्व्हरच्या पूर्ण डंपची फाइल सहज काही जीबींची असू शकते.

क्रॅश, हँग आणि गर्दी, तिन्ही वेगळे

बाहेरून बघणाऱ्याला वेबसाइट बंद एवढंच दिसतं. पण डंप घ्यायचा की नाही आणि कसा घ्यायचा, हे आजार कोणता आहे त्यावर ठरतं.

पहिला प्रकार क्रॅशचा. यात प्रोग्रॅम स्वतःच मरतो. कोडमध्ये काहीतरी चुकलं, नको त्या जागची मेमरी वाचायला गेला आणि ऑपरेटिंग सिस्टीमनं त्याला बंद पाडलं. अशा वेळी वाचकाला अनेकदा '५०२' हा एरर दिसतो. पुढच्या सर्व्हरनं मागच्याला हाक मारली, पण मागून धड उत्तरच आलं नाही, असा त्याचा अर्थ.

दुसरा प्रकार हँगचा. यात प्रोग्रॅम जिवंत असतो, पण गोठलेला. बँकेत दहाही खिडक्यांवर कर्मचारी बसलेत, पण सगळेच साहेबांच्या एका सहीची वाट बघतायत, असं चित्र डोळ्यासमोर आणा. बहुतेक वेळा हे 'साहेब' म्हणजे डेटाबेस असतो. इथे '५०४' दिसू शकतो, म्हणजे वाट बघून वेळ संपला.

तिसरा प्रकार निव्वळ गर्दीचा. प्रोग्रॅममध्ये दोष नाही, पण दार लहान आणि माणसं लाखो. विनंत्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधी नेटवर्कमध्येच अडकल्या असतील, तर सर्व्हरचा डंप घेऊन त्यात फारसं काही सापडणार नाही. उलट आतले सगळे निवांत बसलेले दिसले, तर अडचण बाहेर आहे एवढं मात्र कळतं. हीसुद्धा कामाची माहिती आहे.

लॉग असताना डंप कशाला?

लॉग म्हणजे सर्व्हरची डायरी. पण डायरीत तेवढंच असतं, जेवढं लिहायचं असं प्रोग्रॅमरनं आधी ठरवलेलं असतं. अचानक मरणारा प्रोग्रॅम शेवटचं वाक्य लिहीलच असं नाही. अनेकदा लॉगमध्ये एवढीच ओळ मिळते की वर्कर प्रोसेस 'सिग्नल ११' मिळून बंद पडली. सिग्नल ११ म्हणजे मेमरीच्या चुकीच्या जागी हात घातला. पण कोणी घातला, कोणत्या ओळीवर, कोणाची विनंती हाताळताना, हे डंपच सांगतो.

विंडोज सर्व्हरवर डंप कसा मिळतो?

विंडोजवर वेबसाइट चालवण्यासाठी आयआयएस हा मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर वापरतात. त्यात प्रत्येक अॅप्लिकेशन पूलसाठी वेगळी वर्कर प्रोसेस चालते. सगळ्यांचं नाव मात्र एकच दिसतं. म्हणून डंप घेण्याआधी आपल्या वेबसाइटची प्रोसेस नेमकी कोणती, तिचा क्रमांक काय, हे बघणं ही पहिली पायरी.

आयआयएसची एक सवय इथे लक्षात ठेवावी लागते. वर्कर प्रोसेस मेली की तो लगेच नवी उभी करतो. पण मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांत ५ वेळा ती मेली, तर तो तो पूलच बंद करतो आणि लोकांना '५०३' दिसू लागतो. शिवाय गोठलेल्या प्रोसेसनं ठरावीक वेळेत 'हजर' म्हटलं नाही, तर तिला मारून टाकतो. वेबसाइटसाठी हे बरं, पण तपासासाठी वाईट, कारण पुराव्यासकट प्रोसेस जाते.

यावर तीन उपाय वापरले जातात.

पहिला विंडोजच्याच पोटात आहे. रजिस्ट्रीत 'लोकल डंप्स' ही नोंद केली, की प्रोग्रॅम कोसळला रे कोसळला, की डंप आपोआप ठरलेल्या फोल्डरमध्ये पडतो. मूळ सेटिंगमध्ये तो छोटा असतो आणि शेवटचे १० डंपच ठेवले जातात. पूर्ण डंप हवा असेल तर तसं सांगावं लागतं. आणि वेबसाइट ज्या खात्यावर चालते, त्या खात्याला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी हवी. घोडं पेंड खातं ते बहुतेक इथेच. परवानगी नसते, म्हणून ऐनवेळी फोल्डर रिकामा सापडतो.

दुसरा उपाय प्रॉकडंप. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे छोटं, फुकट साधन आहे. त्याला पहाऱ्यावर बसवता येतं. प्रोसेस कोसळली तर डंप घे, प्रोसेसरचा वापर अमुक टक्क्यांवर गेला तर घे, मेमरी अमुक एमबीच्या वर गेली तर घे, अशा सूचना देता येतात.

तिसरा डीबगडायग. कमांड टाइप करायची सवय नसलेल्यांसाठी हा सोपा. क्रॅशसाठीचा किंवा हँगसाठीचा नियम निवडा, वेबसाइटचा पूल निवडा, बाकी पहारा तोच देतो. जमा झालेल्या डंपचा प्राथमिक अहवालही बनवून देतो.

लिनक्सवर काय करतात?

अपाचे आणि एनजिनएक्स हे वेब सर्व्हर बहुतेक करून लिनक्सवर चालतात. इथे सगळ्यात पहिली अडचण म्हणजे अनेक ठिकाणी कोअर फाइलची कमाल मर्यादाच शून्य ठेवलेली असते. म्हणजे प्रोग्रॅम मेला तरी पंचनामा करायचाच नाही, असा आधीचाच हुकूम! ही मर्यादा त्या सर्व्हिससाठी वाढवावी लागते.

दुसरी गोष्ट, डंप कुठे पडणार हे कर्नलच्या एका सेटिंगवर ठरतं. सिस्टीमडी वापरणाऱ्या बऱ्याच लिनक्समध्ये डंप आपोआप दाबून एका ठरलेल्या जागी ठेवला जातो आणि एका कमांडनं त्यांची यादी दिसते. अपाचेमध्ये डंपसाठी फोल्डर नेमून द्यायची वेगळी सोय आहे, एनजिनएक्समध्येही फाइलची मर्यादा आणि फोल्डर सांगता येतं. इथेही परवानगीचा तोच नियम लागू होतो.

प्रोसेस मेलेली नाही, फक्त गोठली आहे, तर 'जीकोअर' हे साधन जिवंत प्रोसेसचाच डंप काढतं. हँगच्या वेळी एकच डंप पुरत नाही. दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं दोन-तीन डंप घेतले आणि तिन्हींमध्ये तोच धागा त्याच ओळीवर अडलेला दिसला, की संशयित सापडला म्हणायचं.

एक मोठी फसगतही इथेच होते. सर्व्हरची मेमरी संपत आली, की लिनक्स स्वतःच एखाद्या जड प्रोसेसला संपवतं. हा मार असा असतो की त्यात कोअर डंप पडतच नाही. तासभर फाइल शोधत बसण्यापेक्षा अशा वेळी कर्नलचा लॉग बघावा. कोणाला, कधी मारलं याची नोंद तिथे असते. जावावर चालणाऱ्या वेबसाइटसाठी मात्र वेगळी तरतूद आहे. जावाची स्वतःची मेमरी संपली तर आपोआप 'हीप डंप' काढ, अशी सूचना सुरुवातीलाच देऊन ठेवता येते.

आणि आता बऱ्याच वेबसाइट्स कंटेनरमध्ये चालतात. कंटेनर मेला की त्याच्या आत लिहिलेलंही त्याच्यासोबत जातं. म्हणून डंपची जागा कंटेनरच्या बाहेरच्या डिस्कवर हवी.

पण लोक ताटकळत असताना डंप घेत बसायचं?

हा प्रश्न रास्त आहे. जिवंत प्रोसेसचा डंप घेताना ती काही काळ थांबते. मेमरी जितकी जास्त, तितका वेळ जास्त. बाहेर लाखो विद्यार्थी वाट बघत असताना हा वेळ जड जातो.

यातून मार्ग सोपा आहे. गर्दीची वेबसाइट सहसा एका सर्व्हरवर नसते, अनेक सर्व्हरवर वाटलेली असते. त्यातला एक आजारी सर्व्हर रांगेतून बाजूला काढायचा, त्याचा डंप घ्यायचा, आणि तोवर बाकीचे रीस्टार्ट करून मोकळे करायचे. लोकांचं कामही होतं आणि पुरावाही वाचतो.

अट एकच, ही सगळी तयारी आधी झालेली हवी. डिस्कवर जागा आहे का, फोल्डरला परवानगी आहे का, साधन बसवलंय का, हे निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता शोधायचं नसतं. गर्दीच्या काही दिवस आधी चाचणी सर्व्हरवर मुद्दाम प्रोग्रॅम पाडून बघायचा. डंप पडला तर तयारी पक्की.

डंप उघडल्यावर काय दिसतं?

नुसती फाइल उघडली तर आकड्यांचा ढिगारा. तो वाचायला विंडोजवर विनडीबीजी आणि लिनक्सवर जीडीबी ही साधनं वापरतात. पण त्यांना सोबत 'सिम्बॉल' फाइल लागते. कोणता आकडा म्हणजे कोडमधलं कोणतं फंक्शन, हे सांगणारी ती किल्ली. सर्व्हरवर प्रोग्रॅमची जी आवृत्ती होती, नेमकी त्याच आवृत्तीची सिम्बॉल फाइल हवी. म्हणून प्रत्येक वेळी नवी आवृत्ती चढवताना ती जपून ठेवतात.

मग समोर येतो 'कॉल स्टॅक'. कोणी कोणाला बोलावलं, त्यानं पुढे कोणाला, आणि शेवटी कोणाच्या हातून घात झाला, ही साखळी.

याचं जगाला दिसलेलं उदाहरण म्हणजे १९ जुलै २०२४. भारतात सकाळचे पावणेदहा होत आले होते आणि जगभरात विंडोजचे पडदे निळे पडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो वेब सर्व्हरचा क्रॅश नव्हता, अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच कोसळत होती. पण तपासाची रीत तीच. मायक्रोसॉफ्टनं जमा झालेले क्रॅश डंप उघडले, तर स्टॅकमध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर मेमरीच्या हद्दीबाहेर वाचताना सापडला. पुढे कंपनीच्या तपासात स्पष्ट झालं की एका ठिकाणी २१ मूल्यं अपेक्षित होती, प्रत्यक्षात २० च दिली गेली होती. एकविसावं वाचायला गेला आणि कोसळला. ८५ लाख संगणक आणि चूक एका आकड्याची!

डंप म्हणजे उघडी तिजोरीही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो थेट तुमच्याशी संबंधित आहे.

डंपमध्ये मेमरीतलं सगळं येतं म्हटलं, तर सगळंच येतं. त्या क्षणी वेबसाइटवर असलेल्या लोकांची नावं, मोबाइल नंबर, आधार क्रमांक, लॉगिन टोकन, डेटाबेसचे पासवर्ड, असं काहीही. सामान्य वापरात कुलूपबंद असलेली माहिती मेमरीत अनेकदा उघडी असते, कारण प्रोग्रॅमला ती वापरायची असते.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना आहे. ज्या फोक्सवॅगन समूहाची स्कोडा, त्याच समूहाच्या सॉफ्टवेअर कंपनीचं हे प्रकरण. शेंद्र्याच्या कारखान्याचा त्याच्याशी संबंध नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी उघड केलं की या कंपनीच्या एका प्रणालीचा हीप डंप इंटरनेटवरून पासवर्डशिवाय उतरवून घेता येत होता. त्या डंपमध्ये क्लाउडच्या किल्ल्या होत्या. त्या किल्ल्यांनी दार उघडलं, आणि आत सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती होती. या गाड्या मुख्यतः युरोपातल्या. त्यातल्या ४ लाख ६० हजारांच्या आसपास गाड्या कुठे उभ्या राहतात, हे नेमकं कळत होतं. गाडी रोज रात्री कुठे असते हे कळलं, की मालकाचं घर कळलं.

म्हणून डंप हाताळायचे नियम कडक असतात. डंपचा फोल्डर वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ठेवायचा नाही, नाहीतर कोणीही ब्राउझरमधून तो उतरवून घेईल. फाइल कुलूपबंद ठेवायची. व्हॉट्सअॅपवर, मेलवर किंवा एखाद्या एआय चॅटबॉटवर 'जरा बघ रे काय झालंय' म्हणून टाकायची नाही. छोट्या डंपनं काम भागत असेल तर पूर्ण डंप घ्यायचा नाही. आणि तपास संपला की फाइल पुसायची. डंप बाहेर गेल्याची शंका जरी आली, तरी त्यातले पासवर्ड आणि किल्ल्या लगेच बदलायच्या.

कायदाही इथे येतो. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरवरचा हल्ला किंवा माहितीची गळती यांसारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. क्रॅश हा कोडच्या चुकीमुळे झाला की कोणी मुद्दाम पाडला, हे लवकर ठरवायचं असेल तर डंप हाच मोठा आधार. दुसरीकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती जपण्यासाठी पुरेशी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पुरावा जपायचा, पण लोकांची माहिती सांडू द्यायची नाही, अशी ही दुहेरी जबाबदारी.

तुम्ही काय विचारू शकता?

दहावीचा निकाल आता एकाच दारातून येत नाही. २०२५ मध्ये तो अनेक वेबसाइट्सवर आणि डिजिलॉकरवरही उपलब्ध होता. दारं वाढली की गर्दी वाटली जाते. पण गर्दी वाटणं आणि बिघाडाचं कारण शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्या वेळी एखादी सरकारी किंवा खासगी वेबसाइट बंद पडली आणि 'तांत्रिक अडचण होती, आता सुरळीत आहे' एवढंच उत्तर आलं, तर प्रतिप्रश्न विचारायला हरकत नाही. अडचण कोणती होती? क्रॅश, हँग की गर्दी? ती कशावरून ठरवली? आणि त्या वेळच्या मेमरीत आमची माहिती होती, तर तिचा डंप आता कुठे आहे?